नात्यातले मूल सांभाळताना

नायगावात आईवडिलांवाचून पोरके झालेले मूल आश्रमात गेल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. ते आजीकडे जाते, मावशीकडे जाते, धाकट्या काकाच्या खोलीत त्याचे दप्तर आणि कपड्यांची पिशवी येऊन पडते, किंवा नुकतीच नोकरीला लागलेली थोरली बहीणच एका दिवसात घरची कर्ती होऊन बसते. मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने 1921 ते 1925 या काळात येथे 42 चाळी उभ्या केल्या, तेव्हापासून 160 चौरस फुटांच्या त्या खोल्यांत सख्ख्या मुलांबरोबर गावाहून शिकायला आलेला पुतण्या, आई वारलेली भाची, कोकणातल्या नाहीतर घाटावरच्या घरी खाणारी तोंडे फार म्हणून इकडे पाठविलेला धाकटा मेहुणा, अशी किती माणसे वाढत आली. आणि 1982 च्या गिरणी संपानंतर उलट दिशेने कित्येक मुले गावी आजी-आजोबांच्या हवाली झाली. नात्यातल्याने नात्यातले मूल सांभाळणे या वस्तीच्या इतके अंगवळणी पडले आहे की, जी बाई ते करते तिला आपण काही विशेष जबाबदारी पत्करली आहे असे वाटत नाही, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही वाटत नाही. "आपलंच तर आहे," एवढे म्हटले की विषय मिटतो.

या उद्गारातली माया खरी आहे, आणि तिच्याविषयी मनात आदर बाळगूनच हा लेख लिहिला आहे. परंतु त्या वाक्याचा उत्तरार्ध बहुधा "मग कागद कशाला?" असा असतो, आणि पुढची दहा-बारा वर्षे शाळेच्या कचेरीत, बँकेच्या खिडकीपाशी, इस्पितळात शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्याच्या वेळी आणि चाळीच्या खोलीचा प्रश्न निघतो तेव्हा जो त्रास भोगावा लागतो तो या उत्तरार्धापायी. मूल आपले आहे म्हणूनच त्याचे कागद लवकर करावेत, आणि त्याला वाढविताना आपणांस जी मदत लागेल ती संकोच न धरता मागावी, एवढेच सांगण्यासाठी हा प्रपंच आहे.

कागदांआधी मुलाच्या मनाविषयी बोलले पाहिजे. कारण पहिल्या काही आठवड्यांत घरातली मोठी माणसे दिवसकार्य, मयताचा दाखला, गावाकडची येजा यांत गुंतलेली असतात आणि मूल मात्र मुकाट्याने कोपऱ्यात बसून असते, म्हणून त्याला काही कळत नाही असा समज करून घेतला जातो. ते सर्व पाहत असते, फक्त त्याचे दुःख मोठ्यांच्या दुःखासारखे दिसत नाही. सात-आठ वर्षांचे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते. शाळेत जायच्या वेळेस त्याच्या पोटात दुखते. काल खेळत होते ते आज क्षुल्लक कारणावरून मावसभावाला बोचकारते. आणि आईला जाऊन महिना होत नाही तोच मैदानात हसत-खिदळत क्रिकेट खेळताना दिसले की "याला काही वाटतच नाही" असा शेरा एखादी काकू मारून मोकळी होते. मुलाचे दुःख असेच तुकड्यातुकड्यांनी येते आणि जाते, ही गोष्ट मनाशी पक्की धरली म्हणजे निम्मा राग आपोआप ओसरतो. अंथरूण ओले झाले तर रात्री न बोलता चादर बदलावी आणि सकाळी त्याचा उच्चार इतर मुलांदेखत करू नये; मार किंवा लाज यांनी ती सवय जात नाही, लांबते.

जे मूल हलाखीतून अथवा दुर्लक्षातून आले असेल, म्हणजे बाप दारूत बुडालेला आणि आई आजारी असे ज्याचे दोन-तीन वर्षे चालले असेल, त्याच्या वागण्यात आणखी एक गोष्ट आढळते, आणि ती प्रथम पाहणाऱ्यास फार लागते. उशीच्या अभ्र्यात अर्धी पोळी सापडते. कपड्यांच्या घडीत बिस्किटांचा पुडा असतो. ताटात वाढलेले सगळे घाईघाईने संपवून ते पुन्हा डब्याकडे पाहत राहते. मावशीला वाटते, मी याला पोटभर वाढते, तरी हे चोरून ठेवते, म्हणजे चाळीत माझी शोभा करते. वस्तुतः उद्या जेवण मिळेल याची खात्री ज्या जिवाला कधी मिळाली नाही त्याने स्वतःपुरती केलेली ती तजवीज असते. अशा मुलासाठी एक लहान डबा नेमून द्यावा, त्यात चुरमुरे, शेंगदाणे, चणे असे टिकणारे काही असावे, तो त्याच्या हाताला लागेल अशा फळीवर असावा आणि त्यातून खाण्यास कोणाची परवानगी लागू नये. डबा रोज भरलेला राहतो हे पुष्कळ दिवस अनुभवास आले म्हणजे लपविणे हळूहळू कमी होते. जिथे उपदेशाने काही साधत नाही तिथे अशा साध्या व्यवस्थेने साधते, असा अनुभव आहे.

आता खरे सांगण्याचा प्रश्न. "आई गावाला गेली आहे" हे वाक्य दयेपोटी उच्चारले जाते, परंतु ते ऐकलेले मूल पुढे प्रत्येक गणपतीला आणि मे महिन्यात गावाहून येणाऱ्या गाडीची वाट पाहते, आणि एके दिवशी गॅलरीत खेळता खेळता शेजारच्या पोराकडून खरे काय ते ऐकते. त्या क्षणी त्याचे आईविषयीचे दुःख आणि मावशीवरचा विश्वास उडणे, ही दोन्ही एकदम कोसळतात. लहान मुलाला "आई खूप आजारी होती, डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले, पण तिचे शरीर थांबले, ती आता परत येणार नाही, आणि तू काही केलेस म्हणून हे झालेले नाही," असे सरळ शब्दांत सांगावे. त्यातले शेवटचे वाक्य पुनःपुन्हा सांगावे, कारण आपल्या हट्टामुळे आई गेली अशी भीती कित्येक मुले मनात वागवतात. वडील तुरुंगात असतील, व्यसनामुळे घर सोडून गेले असतील, किंवा कोणी आत्महत्या केली असेल, तरी खोटे रचू नये. वयाला झेपेल तेवढेच सांगावे, आणि मूल पुढे विचारील तेव्हा उरलेले सांगावे. बापाच्या कर्तृत्वाचे वाभाडे मुलासमोर काढण्याची सवय मात्र निग्रहाने सोडली पाहिजे. तो बाप कसाही असला तरी मुलाचा अर्धा वंश त्याच्याकडून आलेला आहे, आणि बापाची निंदा ऐकताना मूल ती आपली निंदा म्हणूनच ऐकते. गेलेल्या आईवडिलांचा फोटो भिंतीवर असावा, त्यांच्या तिथीला मुलाच्या हातून काहीतरी करवून घ्यावे, आणि सांभाळणारीला "आई" म्हणायचे की "मावशी" हे ठरविण्याचा अधिकार मुलाकडे ठेवावा.

घरात स्वतःची मुले असतील तर त्यांच्याकडेही वेगळे लक्ष द्यावे लागते. एका खोलीत झोपायची जागा ठरलेली असते. पोटमाळा थोरल्याचा, खिडकीजवळची जागा धाकटीची. आणि तिथे नवे अंथरूण पडते तेव्हा कोणाची तरी जागा जाते. "तो बिचारा आहे, तू समजून घे" असे रोज ऐकविले म्हणजे सख्ख्या मुलाला त्या बिचाऱ्याचाच राग येऊ लागतो. दोघांनाही एकच नियम, दोघांनाही एकच शिक्षा, आणि आठवड्यातून एखादी वेळ फक्त स्वतःच्या मुलासाठी, मग ती सदाकांत ढवण मैदानापर्यंत चालत जाण्याएवढी का असेना. एवढे पाळले तरी तंटे बरेच आटोक्यात राहतात.

सांभाळणाऱ्या बाईचे स्वतःचे दुःख कोणी मोजतच नाही. नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या आजीची मुलगी गेलेली असते. जी आजी दिवसा शाळेचा डबा भरते आणि रात्री लेकीच्या आठवणीने जागी राहते, तिच्या गुडघ्यांची, मधुमेहाची, डोळ्यांची तपासणी लांबणीवर पडते. "मला काय धाड भरलीय" म्हणून ती औषधाचे पैसे वहीपेन्सिलीत घालते. तिने मनात नोंदवून ठेवावे की, तिची तब्येत ही त्या मुलाची मालमत्ता आहे. परळला के. ई. एम. आणि मुलांसाठी वाडिया ही दोन्ही इस्पितळे नायगावपासून हाकेच्या अंतरावर आहेत. झोप उडाली असेल, सतत रडू येत असेल, मुलावर हात उगारला जाऊन मागून पश्चात्ताप होत असेल, तर केंद्र सरकारच्या 14416 या टेली-मानस सेवेवर विनामूल्य बोलता येते, आणि तिथे बोलणे हे वेड लागल्याचे लक्षण मानण्याचे दिवस केव्हाच गेले आहेत.

आता कागदांकडे वळू, आणि येथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण भीतीचे मूळ येथेच आहे. "मस्ती केलीस तर डोंगरीला टाकीन" हा धाक गिरणगावातल्या कित्येक पिढ्यांनी लहानपणी ऐकला आहे. डोंगरीच्या उमरखाडीतली ती वास्तू मुळात तुरुंगच होती. 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांनी 101 दिवसांचा कारावास तेथे भोगला. पुढे तेथे मुलांचे गृह झाले, आणि मुंबई शहराची बालकल्याण समिती त्याच आवारात बसत आली आहे. त्यामुळे "समितीकडे जा" असे म्हणताच आजीच्या डोळ्यांपुढे पहिले चित्र उभे राहते ते पोर काढून घेतल्याचे. ही भीती समजण्याजोगी आहे, परंतु कायद्याचा रोख नेमका उलट आहे. 2015 चा बालन्याय अधिनियम असे सांगतो की, मुलाच्या सांभाळाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची, त्यात नातेवाईक आले, आणि संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय. एक अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते, त्यांत निदान एक स्त्री असावीच लागते, आणि मुलाच्या बाबतीत तिला प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मूल आजीपाशी सुखरूप आहे असे सामाजिक कार्यकर्त्याच्या गृहभेटीच्या अहवालावरून दिसले, तर समिती त्या आजीला योग्य व्यक्ती ठरवून मूल तिच्या ताब्यात देण्याचा लेखी हुकूम करू शकते. तो एक कागद हाती असला म्हणजे शाळेत प्रवेश घेताना आणि इस्पितळात "आईवडील कुठे आहेत?" असे विचारले जाते तेव्हा खालमानेने उभे राहण्याची पाळी येत नाही. गृहभेटीला येणाऱ्या कार्यकर्त्यासमोर खोली लहान आहे म्हणून ओशाळण्याचे कारण नाही. ती व्यक्ती चौरस फूट मोजायला येत नाही, मूल कोणापाशी निजते, शाळेत जाते का, घाबरलेले आहे का, हे पाहायला येते.

समितीच्याच मार्गाने बालसंगोपनाचे साहाय्य मिळते. महाराष्ट्र शासनाच्या या योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, आणि ते अत्यंत यथार्थ आहे. 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून, तेथे आलेल्या एका विधवेचा मुलगा यशवंत याला फुले दाम्पत्याने दत्तक घेतले, त्याला डॉक्टर केले, आणि 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची शुश्रूषा करीत असताना हाच मुलगा वैद्य म्हणून त्यांच्याबरोबर होता. योजनेखाली मुलामागे दरमहा 1,100 रुपये मिळत ते 2023 पासून 2,250 रुपये झाले, आणि ते वयाच्या 18 वर्षांपर्यंत मिळू शकतात. दोन्ही पालक गेलेलेच मूल यात बसते असे नाही. एकच पालक हयात असलेले, आईवडील तुरुंगात किंवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले, घटस्फोटामुळे उघड्यावर पडलेले मूलही बसते. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याकडे करावयाचा. सोबत मयताचे दाखले, मुलाचे व सांभाळणाऱ्याचे आधार कार्ड, रेशनकार्ड, शाळेचे बोनाफाइड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक आणि छायाचित्रे. केंद्राच्या मिशन वात्सल्यात दरमहा 4,000 रुपयांच्या प्रायोजकत्वाची वेगळी तरतूद आहे आणि शहरी कुटुंबासाठी तिची उत्पन्नमर्यादा वर्षाला 96,000 रुपये आहे. आपले प्रकरण कोणत्या योजनेत बसते, हे अर्ज करतानाच जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारून घ्यावे. एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे: ही रक्कम महिन्याच्या ठरल्या तारखेला येतेच असे नाही, कधी काही महिन्यांची एकदम येते. म्हणून शिकवणीचे आणि दुधाचे पैसे तिच्यावर अवलंबून ठेवू नयेत. आणि प्रत्येक अर्जाची, प्रत्येक पोचपावतीची झेरॉक्स प्रत एका फाइलीत तारखेवार लावून ठेवावी, कारण सहा महिन्यांनी टेबलामागचा माणूस बदललेला असतो आणि तेव्हा आपली फाइलच आपली कैफियत मांडते.

पुष्कळ घरी ज्याची चौकशीच होत नाही ते म्हणजे गेलेल्या आईवडिलांच्या नोकरीचे पैसे. बाप सुरक्षारक्षक असो, कारखान्यात असो की एखाद्या दुकानाच्या गोदामात, त्याचा भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर त्या निधीच्या रकमेखेरीज 1995 च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली मुलांना वयाच्या 25 वर्षांपर्यंत निवृत्तिवेतन असते. आणि आईही हयात नसेल तर विधवा निवृत्तिवेतनाच्या 75 टक्के इतके अनाथ निवृत्तिवेतन एका वेळी दोन मुलांना मिळू शकते. नोकरीत असताना मृत्यू झाला असल्यास त्याच निधीशी जोडलेल्या विम्याची रक्कम 7 लाखांपर्यंत जाऊ शकते. पगाराची जुनी चिठ्ठी, कंपनीचे ओळखपत्र, मोबाइलमधले निधीचे संदेश हे सर्व दिवसकार्याच्या धांदलीत फेकून देऊ नयेत. करोनात दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने 5 लाखांची ठेव आणि केंद्राने वयाच्या 23 व्या वर्षी 10 लाख अशी व्यवस्था 2021 मध्ये केली; ती मुले आता मोठी होत आहेत, त्यांच्या सांभाळणाऱ्यांनी ठेवीचे कागद आणि खात्यावरचे पत्ते अद्ययावत आहेत ना हे पाहून ठेवावे. दोन्ही आईवडील वारलेल्या मुलासाठी, ते नात्यातल्या घरी वाढले असले तरी, महिला व बाल विकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र काढता येते, आणि शिक्षणात व शासकीय नोकरीत 1 टक्का आरक्षणासाठी ते लागते. ते मूल अठरा वर्षांचे होण्याची वाट न पाहता काढावे.

नायगावात आज सर्वांत नाजूक विषय खोलीचा आहे. चाळींच्या पुनर्विकासात येथल्या 3,344 गाळ्यांच्या जागी प्रत्येकी 500 चौरस फुटांची सदनिका मिळायची आहे, आणि ज्या खोलीचा भाडेकरू बाप होता, तो आणि त्याची बायको दोघेही वारली, मागे दहा वर्षांची मुलगी राहिली, त्या खोलीवर दहा जणांची नजर जाते. मुलगी ज्या काकाकडे वाढते तो प्रामाणिक असेल, बहुधा असतोच. तरीही 1956 च्या हिंदू अज्ञान व पालकत्व अधिनियमाची दोन कलमे त्याला माहीत असावीत. अज्ञान मुलाचा केवळ प्रत्यक्ष सांभाळ करतो एवढ्या आधारावर कोणालाही त्या मुलाची मिळकत विकता, गहाण टाकता किंवा अन्य रीतीने तिची विल्हेवाट लावता येत नाही. आणि खुद्द नैसर्गिक पालकालाही स्थावर मिळकत विकायची तर आधी न्यायालयाची परवानगी लागते. म्हणून खोलीच्या कागदावर वारस म्हणून मुलीचे नाव लागेल असा अर्ज आरंभीच करावा, "नंतर बघू" म्हणून कोणाच्या नावे तात्पुरते चढवू नये, आणि कोऱ्या मुद्रांकावर तर कोणाच्याही सांगण्यावरून सही देऊ नये. काकाने हे स्वतःहून केले म्हणजे त्याचेही रक्षण होते, वीस वर्षांनी तीच मुलगी, किंवा तिच्या सासरचे लोक, "माझ्या बापाची खोली कुठे गेली?" असे विचारतील तेव्हा त्याच्यापाशी उत्तर असते.

मालमत्तेचा प्रश्न असेल, मुलाला परदेशी न्यायचे असेल, किंवा दुसऱ्या बाजूचे नातेवाईक ताबा मागत असतील, तर समितीचा हुकूम पुरेसा होत नाही. 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते. मुलाच्या ताब्याची आणि पालकत्वाची प्रकरणे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयात चालतात. वकिलाच्या फीचा धसका घेण्याचे कारण नाही, कारण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने स्त्रियांना आणि मुलांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य विधी साहाय्याचा हक्क दिला आहे. एका गैरसमजाचा मात्र येथेच निकाल लावू. नोटरीसमोर मुद्रांकावर "मी हे मूल दत्तक घेतले" असे लिहून दिल्याने दत्तक होत नाही. दोन्ही आईवडील वारलेले मूल 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे द्यायचे-घ्यायचे असेल तर पालकाला आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि मूल साधारणतः पंधरा वर्षांच्या आतले असावे लागते. बालन्याय अधिनियमाच्या मार्गाने काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा यांना, धर्म कोणताही असला तरी, केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या नोंदणीद्वारे नात्यातले मूल दत्तक घेता येते, आणि त्याचा आदेश सप्टेंबर 2022 पासून जिल्हाधिकारी देतात. मला विचाराल तर, मूल जाणते असेल आणि त्याला आपल्या बापाचे नाव प्रिय असेल, तर दत्तकाची घाई करू नये. पालकत्वाचा हुकूम पुरतो, आणि मुलाचे नाव त्याच्यापाशी राहते.

परक्या मुलाला दत्तक घेतलेल्या किंवा काही काळ प्रतिपालनासाठी घरी आणलेल्या कुटुंबांचे प्रश्न काही अंशी हेच आहेत, म्हणून त्यांच्याविषयी थोडक्यातच लिहितो. माटुंग्याच्या श्रद्धानंद महिलाश्रमासारख्या जुन्या संस्थांतून मूल घरी आल्यावर दोन वर्षे पाठपुराव्याच्या भेटी होतात. त्या भेटींकडे परीक्षा म्हणून न पाहता, मूल रात्री का रडते, कोणाच्याच जवळ का जात नाही, हे त्याच कार्यकर्तीला मोकळेपणी विचारावे. दत्तक असल्याची गोष्ट मुलाला बोलता येऊ लागले की गोष्टीच्या रूपाने सांगण्यास आरंभ करावा, नाहीतर चाळीत ती दुसरा कोणी तरी सांगतोच. प्रतिपालनाच्या बाबतीत 2024 च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळण्यास घेण्याची मुभा दिली आहे, आणि पूर्वी पाच वर्षे थांबावे लागे त्याऐवजी दोन वर्षांच्या सांभाळानंतर, ते मूल कायद्याने दत्तकास मोकळे असेल तर, दत्तकासाठी अर्ज करता येतो. सहा वर्षांवरील ज्या मुलांना दत्तक घेणारे सहसा मिळत नाहीत त्यांच्यासाठी ही वाट मोलाची आहे.

पुन्हा आजीकडे येतो. पासष्टीच्या पुढच्या प्रत्येक सांभाळणाऱ्याने "माझ्यामागे कोण?" या प्रश्नाचे उत्तर धडधाकट असतानाच ठरवून ठेवावे. कायद्याने मृत्युपत्रातून मुलाचा पालक नेमण्याचा अधिकार आईबापांनाच आहे, आजीला नाही. पण तिने आपली इच्छा स्वच्छ शब्दांत लिहून, ज्याचे नाव घ्यायचे त्या मामाला अथवा आत्याला आधी विचारून, त्याची एक प्रत समितीला दिली तर पुढे निर्णय करणाऱ्यांसमोर काही तरी आधार असतो. स्वतःच्या मिळकतीतला वाटा नातवाला द्यायचा असेल तर ते मृत्युपत्र मात्र तिने जरूर करावे. आणि ज्या मामाचे नाव ठरले त्याच्या घरी मुलाने सुट्टीत राहायला जाण्याचा परिपाठ आतापासून पाडावा, म्हणजे पुढे वेळ आली तर ते घर त्याला परके राहणार नाही.

जुन्या चाळीत एका मजल्यावर वीस खोल्या आणि एकच गॅलरी असे. आजी इस्पितळात गेली तर पोर कोणाकडे जेवले हे विचारावे लागत नसे. पुनर्विकासात कुटुंबे पांगतात आणि नव्या इमारतीत दारे बंद असतात, त्यामुळे जो आधार पूर्वी आपोआप मिळे तो आता ठरवून उभा करावा लागेल. येथल्या गणेशोत्सव मंडळांना आणि महिला मंडळांना माझी विनंती आहे की, नात्यातले मूल सांभाळणाऱ्या आपल्या विभागातल्या आज्या, मावश्या, काका आणि थोरल्या बहिणी यांना महिन्यातून एकदा मंडळाच्या जागेत एकत्र बसवावे. त्यांना व्याख्यान नको असते, एकमेकींचे ऐकणे आणि अर्ज भरून देणारा एखादा चुणचुणीत कॉलेजकुमार पुरे. वह्यावाटपाच्या कार्यक्रमात अशा मुलांना व्यासपीठावर उभे करून "अनाथ" म्हणून त्यांची नावे पुकारण्याची रीत मात्र बंद करावी. वह्या घरी पोचवाव्यात.

आणि आपल्या मजल्यावर अशी कोणी आजी असेल तर तिला "काही लागले तर सांगा" असे म्हणून थांबू नये, कारण ती सांगणार नाही. तिच्या नातवाला आठवड्यातून दोन संध्याकाळी आपल्या मुलांबरोबर अभ्यासाला बसवून घ्यावे, आणि एके दिवशी रजा काढून तिच्यासोबत उमरखाडीला जावे. बालसंगोपनाच्या अर्जाला कोणतेही शुल्क नाही, त्यासाठी दलालाला एक रुपयाही देण्याची गरज नाही, आणि मुलाच्या बाबतीत तातडीची अडचण आल्यास 1098 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.